शनिवारचा चट्टा: जिउ-जित्सूच्या कौटुंबिक बॅचमध्ये गजकर्ण पसरते तेव्हा

जुलैचा दुसरा आठवडा. अकरा वर्षांच्या मुलाच्या डाव्या हातावर आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, रुपयाएवढा गोल चट्टा उठला. कड लालसर, बोट फिरवलं तर किंचित उंच लागणारी, तिच्यावर बारीक खवले. मधली कातडी जवळजवळ नेहमीसारखी. आईने लगेच ओळखले, गजकर्ण. मुलगा आठवड्यातून तीन संध्याकाळी ब्राझिलियन जिउ-जित्सूला, म्हणजे मॅटवर अंगाला अंग भिडवून खेळायच्या कुस्तीसारख्या प्रकाराला, जातो, त्यामुळे दोष कुणाचा हेही तिथल्या तिथे ठरले. "सर, तुमच्या मॅटमुळेच झालंय हे. आमच्या घरात कुणालाच काही नाही."

ऑगस्ट उजाडेपर्यंत ४६ पैकी ९ जणांच्या अंगावर चट्टे होते.

नाशिकमधल्या एखाद्या मध्यम आकाराच्या अकादमीत हे कसे घडते आणि कसे आवरते, ते इथे मांडले आहे. प्रकरण एका ठिकाणचे नाही. पावसाळ्यात वारंवार दिसणारा क्रम एका जागी जुळवला आहे आणि माणसांचे आकडे त्या जुळणीतले आहेत. औषधाची, पाण्याची, सफाईची मापे मात्र जशीच्या तशी वापरता येतील अशी दिली आहेत.

अकादमी पहिल्या मजल्यावर. मॅटची जागा ८ बाय ८ मीटर, म्हणजे एक मीटरच्या ६४ जिगसॉ मॅट, ४० मिलिमीटर जाडीच्या, ईव्हीए फोमच्या. लहान मुलांची बॅच (५ ते ८ वर्षे) १४ जणांची, मोठ्या मुलांची १७ जणांची आणि प्रौढांची १५ जणांची. शनिवारी सकाळी कौटुंबिक वर्ग असतो, आई-बाबा आणि मुले एकाच मॅटवर. त्याला नियमित येणारे १९. फी महिन्याला, आणि बुडलेल्या दिवसांची वजावट नाही. १५ ऑगस्टला मुलांचे ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या पट्ट्याची परीक्षा, होते आणि त्यासाठी २४ वर्गांची हजेरी लागत होती. हे शेवटचे दोन तपशील वाचताना किरकोळ वाटतात. या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान त्यांनीच केले.

नाशकात इगतपुरी-त्र्यंबकसारखा पाऊस कोसळत नाही. पण जुलैत सलग आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि गीला, म्हणजे जिउ-जित्सूच्या जाड विणीच्या सुती पोशाखाला, तेच बाधते. मोठ्या माणसाचा कोरडा गी दीड-दोन किलोचा. धुऊन गॅलरीत टाकला की पाठ दुसऱ्या दिवशी सुकते, कॉलर तिसऱ्या दिवशीही आतून ओलसर असते, कारण तिच्यात कापडाचे थर किंवा फोमची पट्टी शिवलेली असते. सोमवार-बुधवार-शुक्रवारची बॅच आणि घरात एकच गी असेल तर मूल ओलसर कॉलर मानेवर घेऊनच मॅटवर उतरते.

पहिली तक्रार आली तेव्हा कोचने जे केले, ते बहुतेक जण करतात. सफाई वाढवली. फिनाईलची बाटली दुप्पट ओतली. त्याने मॅट चिकट झाल्या, वास आठवडाभर राहिला आणि गजकर्णाला काही झाले नाही. मग कुणीतरी सांगितले म्हणून सोडियम हायपोक्लोराइट आणले आणि पाणी न घालताच पुसले. दोन मॅटचा निळा रंग उडाला, संध्याकाळच्या बॅचमधली मुले खोकू लागली, डोळे चोळू लागली. (याच हायपोक्लोराइटमध्ये संडास साफ करायचे ऍसिड पडले असते तर क्लोरीन वायू सुटला असता. दोन्ही बाटल्या एका कपाटात ठेवूच नयेत.)

तिसरी चूक सफाईची नव्हती. त्या मुलाच्या हाताचा फोटो "सर्व पालकांनी काळजी घ्यावी" असे लिहून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. चेहरा नव्हता, पण मनगटावरचा लाल-पिवळा गंडा सगळ्यांच्या ओळखीचा. पुढचे तीन आठवडे एकाही घराने आपणहून काही कळवले नाही. चट्टे पूर्ण बाह्यांच्या रॅशगार्डखाली, म्हणजे सरावाच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या टी-शर्टखाली, गेले.

वळण लागले ते हजेरीच्या वहीने. प्रत्येक घरी वेगळा फोन करून एकच प्रश्न विचारला गेला: चट्टा पहिल्यांदा कधी दिसला आणि कुठे? संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण ४ ते १४ दिवस जातात. म्हणून प्रत्येक तारखेपासून तेवढे दिवस मागे जाऊन, त्या काळात कोण कुणाबरोबर जोडीत होते ते लिहून काढले.

पहिली गोष्ट बेरजेतच दिसली. नऊपैकी सात जण शनिवारच्या वर्गाचे होते, म्हणजे १९ पैकी ७. शनिवारी न येणाऱ्या २७ जणांत फक्त २. मॅट तर सगळ्यांना तीच, फिनाईलही तेच. मॅट हेच मुख्य कारण असते तर सोमवार ते शुक्रवार लोळणाऱ्यांतही तितकीच लागण दिसली असती. एवढ्या छोट्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळते.

दुसरी गोष्ट चट्ट्यांच्या जागांत होती. मानेची बाजू, कानामागे, गालाचा मागचा भाग, हाताची आतली बाजू. तळपायाला किंवा टाचेला एकालाही नाही. साइड कंट्रोलमध्ये, म्हणजे पाठीवर पडलेल्याला बाजूने छातीने दाबून धरताना, वरचा माणूस क्रॉस-फेस घेतो, म्हणजे हात खालच्याच्या मानेखालून घालून खांद्याने त्याचा गाल दाबतो. तेव्हा त्याच्या हाताची आतली कातडी आणि खालच्याची मान एकमेकांवर मिनिट-दोन मिनिटे घासत राहते, मध्ये घाम. बाही तोवर कोपरापर्यंत चढलेली असते. जूनच्या शेवटच्या शनिवारी हाच सराव झाला होता, चार-चार मिनिटांच्या तीन फेऱ्या. अकरा वर्षांच्या त्या मुलाची जोडी दहा वर्षांच्या एका मुलीबरोबर होती. तिच्या मानेवर जूनपासून "घामोळं" होतं.

मुलीच्या आईने तिच्या मानेला पावडर लावली होती. वडिलांना मेपासून जांघेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली खाज होती. ते अंबडच्या कारखान्यात शिफ्टला, दिवसभर जाड कापडाची पँट. मेडिकलमधून आणलेले क्रीम लावले की दोन दिवसांत खाज थांबायची, बंद केले की आठवड्यात दुप्पट यायची. त्यांना तो आजार वाटतच नव्हता.

कोच त्यांना एवढेच म्हणाले, "दादा, येताना ती ट्यूब घेऊन या. रिकामी असली तरी चालेल."

ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत तीन घटक होते: बुरशीवरचे एक, जिवाणूंवरचे एक आणि तिसरे क्लोबेटासोल. हे तिसरे स्टिरॉइड. ते खाज आणि लाली दाबते, पण कातडीची बुरशीशी लढण्याची ताकदही दाबते. चट्ट्याची गोल कड पुसट होते, रंग फिकट तपकिरी होतो, बुरशी मात्र निवांत पसरते. असे गजकर्ण त्वचारोगतज्ज्ञालाही कधीकधी पहिल्या नजरेत ओळखता येत नाही आणि खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. काउंटरवर काय चालते, ते वाचकांना वेगळे सांगायला नको. घटक वाचताना एक फसगत हमखास होते. क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल अशी "झोल"ने संपणारी नावे बहुतेकदा बुरशीवरच्या औषधांची असतात. क्लोबेटासोल "सोल"ने संपते आणि ते स्टिरॉइड. बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन ही "सोन"वाली मंडळीही त्याच घरातली.

त्या घरात टॉवेल दोन होते, माणसे चार. बाप-लेकीचे गी एकाच बादलीत भिजायचे. मॅटवर लागण झाली ती या घरातून आलेल्या कातडीमुळे, आणि घरात लागण झाली ती टॉवेलमुळे. बापाची जांघ मॅटवर कुणाला लागत नाही, पण टॉवेलने ती लेकीच्या मानेपर्यंत पोचवली होती.

उरलेल्या दोन केसेस जुळत नव्हत्या. एक होता पंधरा वर्षांचा मुलगा, तो शनिवारी येत नसे. पण त्या अकरा वर्षांच्या मुलाला तो आठवड्यातल्या तिन्ही संध्याकाळी शिकवायचा, त्यामुळे त्याचा उलगडा लगेच झाला. दुसरी प्रौढ बॅचमधली नवी सदस्य, जुलैत तिचे चार ट्रायल वर्ग झालेले. तिने अकादमीचा उसना गी घातला होता. ट्रायलसाठी चार गी खुंटीवर असायचे आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, धुतले जायचे. मधल्या दिवसांत तोच गी दोन-तीन अंगांवरून फिरायचा. सगळे लक्ष मॅटवर असताना या खुंटीकडे कुणी पाहिलेच नाही.

मॅट उचलल्या त्या रविवारी खिडकीजवळच्या कोपऱ्यात फरशीवर पाण्याचा ओघळ होता, मॅटच्या पाठीवर मिरीएवढे काळे ठिपके आणि सांध्यांच्या दातांमध्ये केस-धुळीची ओली वळकटी. एका पालकाने त्याचाही फोटो काढला. ती काळी बुरशी ओलीची, भिंतीवर येते तसली. तिने गजकर्ण होत नाही. साफ करायलाच हवी होती, पण तिला आरोपी ठरवले असते तर खरे कारण निसटले असते.

उपायांची सुरुवात पैशांपासून झाली, आणि आमच्या मते क्रम हाच असावा. त्वचेच्या कारणाने घरी राहिलेले दिवस पुढच्या महिन्याच्या फीत वळते होतील. जे मूल येऊन मॅटच्या कडेला बसेल, घड्याळ सांभाळेल, गुण मोजेल, त्याची हजेरी ग्रेडिंगसाठी धरली जाईल. ग्रेडिंग १५ ऑगस्टवरून सप्टेंबरवर गेले. ही सूचना गेल्यावर चार दिवसांत दोन घरांनी आपणहून चट्टे कळवले. नऊचा आकडा तेव्हा पूर्ण झाला. तोवर सात होता; वरची नऊची बेरीज त्यानंतर पुरी झाली.

मग तपासणी. वर्गाआधी रांगेत नखे बघतातच, त्याच दोन मिनिटांत हात कोपरापर्यंत, मान दोन्ही बाजूंनी, कानामागे, गुडघे. कपडे कुणाचेही काढायचे नाहीत. झाकलेल्या भागाची तपासणी घरी, शुक्रवारच्या अंघोळीला, आई किंवा वडिलांनी. मुलींची मान आणि हात पाहायला महिला प्रशिक्षक किंवा मुलीची आई. शंका आली तर मुलाला बाजूला बोलवायचे नाही, सगळ्यांसमोर त्याला "आज स्कोअर तू" असे सांगायचे. बोलणे पालकांशी, वर्गानंतर. फोटो फक्त कोचच्या फोनवर. डोक्यात गोल चट्टा पडून केस गळत असतील तर ते वेगळे प्रकरण. मलम केसांच्या मुळापर्यंत जात नाही, पोटातून औषध लागते आणि परतायला जास्त दिवस.

परतायचे कधी, यावर वाद झाला. अमेरिकेतल्या शालेय आणि महाविद्यालयीन कुस्तीत अंगावरच्या गजकर्णासाठी किमान ७२ तास उपचार आणि डोक्यातल्यासाठी १४ दिवस पोटातले औषध असा नियम आहे. एका पालकाने तोच पुढे केला. पण आपल्याकडे सध्या पसरलेली बुरशी हट्टी आहे. २०२० मध्ये तिला स्वतंत्र नाव मिळाले, ट्रायकोफायटन इंडोटिनी, आणि टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. म्हणून अकादमीने ७ दिवस उपचार अधिक त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी असे ठरवले, आणि चट्टा अजून दिसत असेल तर फक्त जोडीविना सराव. पट्टी लावून खेळू द्या, ही मागणी मान्य झाली नाही. घामात चिकटपट्टी दहा मिनिटे टिकत नाही, आणि निघालेली पट्टी मॅटवर कुणाच्या पायाला चिकटते.

औषध अर्धवट सोडण्याबद्दल दिंडोरीकडच्या एका पालकाला समजावून सांगावे लागले नाही. त्यांची द्राक्षबाग आहे, आणि डावणी हा द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग. "एकच औषध, तेही कमी मापाने, परत परत मारलं की डावणी त्याला जुमानत नाही. तसंच ना?" तसेच. चट्टा दिसेनासा झाल्यावरही मलम दोन आठवडे, आणि लावताना कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असते. गोळ्या कोणत्या, किती आठवडे, हे डॉक्टरच ठरवतील. एका घराची चिठ्ठी दुसऱ्याने वापरायची नाही.

मॅटची पद्धतही बदलली. रात्रीच्या शेवटच्या बॅचनंतर आधी कोरडा झाडू, मग साबणाच्या पाण्याचे पोतेरे, कारण घामाच्या थरावर क्लोरीन वाया जाते. मग हायपोक्लोराइटचे द्रावण. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर एका लिटर पाण्यात २० मिलिलिटर, ४ टक्के असेल तर २५, म्हणजे ०.१ टक्क्याचे द्रावण होते. ६४ मॅटना साधारण ४ लिटर लागते. दहा मिनिटे ओले राहू द्यायचे, मग साध्या पाण्याने पुसून पंखे. खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे, मुले आत नाहीत. उरलेले द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे नाही. बाटलीसुद्धा उन्हात किंवा जुनी झाली की कमजोर होते, म्हणून पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. दोन बॅचच्या मधे हे करायचे नाही, ओल्या मॅटवर पाय घसरतो. पोतेऱ्याची कापडे दोन, आलटून पालटून, पूर्ण वाळल्याशिवाय परत वापरायची नाहीत. दर रविवारी कडेच्या मॅट उचलून खालची फरशी कोरडी. आणि चपला मॅटच्या कडेपर्यंत. संडासात अनवाणी जाऊन परत मॅटवर येणे बंद. हे शेवटचे मुलांपेक्षा मोठ्यांनाच शिकवावे लागले.

गीच्या बाबतीत पुस्तकी सल्ला सोपा: ६० अंशांच्या पाण्यात धुवा, ३०-४० अंशांत बुरशीचे बीजाणू मरतीलच असे नाही. यंत्रात ६० चे बटण असेल तर प्रश्न मिटला. बादलीत करायचे तर दोन भाग उकळते पाणी, एक भाग नळाचे. जाड ओला गी त्यातली बरीच उष्णता खातो, म्हणून निम्मे-निम्मे पुरत नाही. गी बुडवून झाकण ठेवायचे, अर्धा तास, ढवळायला काठी, आणि मूल जवळपास नको. सुती गी आटतो, तेव्हा आधीच आटवलेला नसेल तर एक माप मोठा घ्यावा. घामाचा गी पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवला की पुढचे सगळे कष्ट वाढतात. वाळवताना कॉलर उघडी राहील असा खांद्यांवर टांगून खाली टेबल फॅन. शेवटी कॉलर आणि शिवणींवर गरम इस्त्री. रॅशगार्ड पॉलिस्टरचे, त्याला इस्त्री नाही. आणि पट्टाही धुवायचा, वेगळा, रंग जातो म्हणून. पट्टा धुतला की त्यातली विद्या वाहून जाते, ही जिउ-जित्सूतली जुनी समजूत तीन पालकांनी गंभीरपणे सांगितली. धुवा.

उसने गी आता प्रत्येक वापरानंतर धुवायला जातात. चारांचे सहा केले. तरी शनिवारी पाच पाहुणे आले की पुढच्या आठवड्यासाठी एकच उरतो. तेव्हा पाहुण्याला घरचे पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून यायला सांगितले जाते आणि त्या दिवशी पकडीऐवजी हालचाली शिकवल्या जातात.

जुन्या नाशकातल्या तालमींशी परिचय असलेल्या एका आजोबांनी विचारले, हौदाच्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालतात तसे इथे काही का नाही? प्रश्न रास्त होता. माती उकरून, उन्हाला दाखवून, वारंवार बदलता येते. फोमच्या मॅटला काही मुरत नाही, वर लावलेली हळद फक्त गी पिवळा करील.

गजकर्ण शोधताना दोन वेगळ्या गोष्टीही सापडल्या. एका लहान मुलाच्या नाकाखाली मधासारख्या रंगाची ओली खपली, म्हणजे जिवाणूंची लागण. तिथे प्रतिजैविकाचे किमान ७२ तास आणि ४८ तासांत नवा फोड नाही, हे पाहिल्याशिवाय मॅट नाही. एका प्रौढाच्या गालावर झुबक्याने आलेल्या पाणीदार पुळ्या. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले, कारण नागिणीच्या जातीचा तो विषाणू कातडीवरून झपाट्याने जातो आणि डोळ्याजवळ धोकादायक ठरतो.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नऊपैकी बहुतेक जण मॅटवर परतले. दोन कुटुंबे आली नाहीत. त्यातले एक, ज्यांच्या मुलाच्या हाताचा फोटो ग्रुपवर गेला होता ते. मुलीची मान सहा आठवड्यांत साफ झाली, ग्रेडिंगला तिला राखाडी पट्टा मिळाला. वडिलांचे औषध अजून सुरू आहे. स्टिरॉइड अचानक थांबवल्यावर पहिले दहा दिवस खाज इतकी वाढली की त्यांनी दोनदा जुनी ट्यूब पुन्हा आणायचे ठरवले होते. डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवले होते म्हणून निभावले. शनिवारी ते मॅटच्या कडेला खुर्चीवर बसतात, फेऱ्यांचे घड्याळ त्यांच्याकडे असते. घरात आता चार टॉवेल आहेत, चार रंगांचे.